जायचा रस्ता, यायचा रस्ता

माझी जीभ तिखट आणि पाय कायम घाईत, असं माहेरीही म्हणायचे आणि सासरीही. तमिळ मुलखात, आवडी गावाला आल्यावर स्कूटी घेतली आणि घाईला चाकंच लागली. नवरा रेल्वेत, सणासुदीला नेमकी त्याची ड्युटी. मी सरकारी ऑफिसात क्लार्क. फॅक्टरीच्या मागच्या गेटाजवळ दुमजली घर होतं, वर आम्ही भाड्याने राहायचो आणि खाली चाचा-चाची.

चाचा मूळचे मिरजेचे. तरुणपणी इथल्या फॅक्टरीत टर्नर म्हणून लागले, निवृत्त झाले ते इथेच राहिले. मुलगा आखातात. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा चाचा दारात येऊन म्हणाले, "मराठी ऐकू आली म्हणून आलो. काय गं पोरी, गाव कुठलं?" मी सातारा म्हटलं तर त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू मी सख्ख्या भावाची लेक. चाचींनी त्या रात्रीचं आमचं जेवण वर पाठवलं. माणसं अशी असली की परमुलुख परका राहत नाही.

चाचांच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला त्या वर्षी रमझान ईदेच्या आदल्या संध्याकाळी चाची वर आल्या. चंद्र दिसला होता, मशिदीच्या भोंग्यावरून तसं सांगून झालं होतं. म्हणाल्या, "सकाळी मैदानापर्यंत सोडशील का यांना? ऑटोत चढता येत नाही. तीस वर्षांत ईदची नमाज कधी चुकली नाही, आता रडकुंडीला आलेत." मी म्हटलं, त्यात काय, सोडते की. तेव्हापासून ते काम माझं झालं, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

ईदेच्या दिवशी खालच्या घरात पहाटेपासून खुडबुड. चाचांची आंघोळ, मग कडक इस्त्रीचा पांढरा कुडता-पायजमा, डोळ्यांत सुरमा, अत्तराचा बोळा कानाच्या वरच्या घडीत. तांदळाची पिशवी आदल्या दिवशीच मागच्या गल्लीतल्या विधवेकडे पोचलेली असायची. ते फित्र्याचं दान नमाजेच्या आधीच द्यायचं, म्हणजे ईदेच्या दिवशी तिच्या चुलीवरही काहीतरी शिजतं. निघताना तीन खजूर खायचे. "तीन नाहीतर पाच, जोडीनं नाही खायचे," म्हणत एक माझ्या हातावर ठेवायचे. मी म्हणायची, "मग माझा एक धरून चार झाले की!" त्यावर ते, "तुझा हिशेब वेगळा, तू गप खा."

स्कूटीच्या पायापाशी त्यांची घडीची खुर्ची उभी ठेवायची, मागे ते, मांडीवर जानमाज, नमाजेची चटई. बाजारातून सरळ जाणारा रस्ता. वाटेत ते हळू आवाजात तकबीर, अल्लाहु अकबर, म्हणत राहायचे, माझ्या पाठीला तो आवाज जाणवायचा. ईद तेव्हा दिवाळीच्या सुमारास यायची, म्हणजे इथला ऐन पावसाळा. मैदानात चिखल, त्यावर प्लॅस्टिकचे लांबच लांब कागद, त्यावर चटया. मी बाहेर कडुलिंबाखाली स्कूटी लावून चाचांच्या चपला सांभाळत उभी राहायची. ईदेच्या नमाजेला अजान नसते, हे मला तिथेच कळलं. इमाम फक्त रांगा सरळ करा म्हणून सांगायचे, आणि ती हजारभर माणसं खांद्याला खांदा, पावलाला पाऊल लावून उभी राहायची. मध्ये फट दिसली की मागचा पुढे येऊन ती भरायचा. खुर्चीवाले म्हातारे रांगेच्या टोकाला.

परत मात्र त्या रस्त्याने यायचं नाही. पहिल्याच वर्षी मी स्कूटी बाजाराकडे वळवली तर मागून खांद्यावर थाप. "तळ्याकडनं घे. ईदला जाताना एक रस्ता, येताना दुसरा. आमच्यात तशी रीत आहे."

"ती कशाला हो?"

"रस्ते साक्ष देतात म्हणतात, हा माणूस नमाजेला गेला होता म्हणून. एकाच साक्षीदारावर कशाला विसंबायचं?" आणि स्वतःच हसले. खरं कारण तळ्याकडच्या रस्त्यावर बसलं होतं.

तिथे त्यांचा दोस्त राहायचा. तमिळ मुसलमान, फॅक्टरीत शेजारच्या लेथवर तीस वर्षं काम केलेला. चाचा इथे नवे होते तेव्हा पहिल्या ईदेला हा माणूस रांगेत त्यांच्या शेजारी उभा होता. झालं असं, की चाचांच्या मिरजेत ईदच्या नमाजेत जादा तकबिरी, दर खेपेला हात कानाला लावून, प्रत्येक रकातीला म्हणजे नमाजेच्या फेरीला तीन, आणि इथल्या रीतीत पहिल्या रकातीला सात, दुसरीला पाच. पहिल्या रकातीत चाचा गडबडले पण निभावलं. दुसरीत मात्र मिरजेत चौथीला वाकतात त्या सवयीने चौथ्या तकबिरीला सरळ कमरेत वाकले. अख्खी रांग ताठ उभी आणि हे एकटेच वाकलेले! त्या माणसाने समोरची नजर न हलवता कुडत्याला धरून त्यांना वर ओढलं. नमाज संपल्यावर दोघं इतके हसले की इमामांनी वळून पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक ईदेला दोघं शेजारी.

पुढे त्या दोस्ताला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको आधीच वारलेली, मुलगा-सून सांभाळायचे. मैदानात येणं बंद झालं. पण ईदेच्या सकाळी सून त्यांना पांढरा सदरा, नवी लुंगी घालून घराबाहेरच्या ओट्यावर, तिथल्या भाषेत तिण्णैवर, आणून बसवायची. आमची स्कूटी दिसली की ते डावा हात उचलून कानाला लावायचे. एकदा, दोनदा, तीनदा, आणि चौथ्यांदा लावताना मुद्दाम चाचांकडे बघून मान खाली घालायचे, वाकल्यासारखी. चिडवायचे! शब्द निघत नव्हता, पण चिडवणं काही सुटलं नव्हतं. चाचा ओरडायचे, "पुरे कर की लेका, किती वर्षं झाली!" मग तीनदा गळाभेट. मग सून वट्टलप्पम आणायची, अंडी, नारळाचं दूध आणि गूळ घालून वाफवलेलं. मी अंड्याचं गोड खाणार नाही म्हणत दोन वाट्या खायची.

वर्षातून दोनदाच भेटायचे ते. एकाचा गुडघा गेलेला, दुसऱ्याचं अर्धं अंग. दोन ईदा, तेवढ्याच भेटी.

तिसऱ्या वर्षी रमझान ईदेला आमच्या ऑफिसात इन्स्पेक्शन निघालं. सुट्टी असूनही आम्हा चौघांना दहाला हजर राहायला सांगितलं. माझं डोकं सकाळपासून तापलेलं. त्यात नमाजेनंतरचं प्रवचन लांबलं, मग गळाभेटी. चाचा खुर्ची सरकवत सरकवत येईपर्यंत साडेनऊ झाले. मी दोनदा हॉर्न वाजवला. हो, मैदानाच्या दारात, ईदेच्या दिवशी, हॉर्न वाजवला मी.

"चाचा, आज बाजारातून सरळ जाऊ. मला दहाला पोचायचंय."

ते मागे बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "पाच मिनिटंच लागतील की गं."

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. वाटी पुढे आली की अर्धा तास उठत नाही तुम्ही. संध्याकाळी नेते ना."

"बरं," म्हणाले. बास, तेवढंच. आलो त्याच रस्त्याने मी त्यांना परत आणलं, खुर्ची दारात ठेवली आणि सुसाट निघाले. इन्स्पेक्शनचा साहेब जेवून-खाऊन अडीच वाजता उगवला. तोवर आम्ही चौघं फायली पुढ्यात घेऊन माशा मारत बसलो होतो.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आठ वाजले होते आणि पाऊस लागला होता. मी खाली डोकावून म्हटलं, उद्या जाऊ. उद्या गॅस यायचा होता. परवा काय होतं ते आता आठवतही नाही. रविवारी नक्की म्हटलं होतं. शनिवारी दुपारी निरोप आला की चाचांचे दोस्त गेले.

मीच घेऊन गेले चाचांना, बाजारातून नाही, तळ्याकडून. मशिदीच्या अंगणात जनाजा ठेवला होता. मी खुर्ची उघडायला लागले तर चाचांनी हात धरला. "ह्या नमाजेत वाकायचं नसतं, बसायचं नसतं. नुसतं उभं राहायचं. तेवढं जमतं मला." आणि उभे राहिले, गुडघा थरथरत असताना, शेवटपर्यंत. नंतर म्हणाले, "ह्यात चारच तकबिरी. मिरजेतही चार, इथंही चार. ह्यात चुकायला जागाच नाही." एवढं बोलले आणि कुडत्याच्या बाहीत तोंड लपवून ढसाढसा रडले.

त्याआधी मी घरात बायकांमध्ये बसून आले होते. सुनेने मला हाताला धरून आत नेलं. माझं तमिळ मोडकंतोडकं, पण ती जे बोलली त्यातला शब्द न् शब्द कळला. ईदेच्या दिवशी सासरे दुपारी दोनपर्यंत तिण्णैवरच बसले होते. पाऊस आला तरी आत यायला तयार नाहीत. जेवले नाहीत. रस्त्यावर कुठल्याही स्कूटीचा आवाज आला की हात कानाला न्यायचे.

काय बोलणार होते, कपाळ? इन्स्पेक्शन होतं म्हणून सांगणार होते?

परत येताना तळ्याजवळ चाचांनी स्कूटी थांबवायला लावली. मागे बसूनच विचारलं, "सून काय म्हणाली? त्या दिवशी वाट बघितली का गं त्यानं?"

मला आरशात त्यांचे डोळे दिसत होते. "नाही हो चाचा," मी म्हटलं, "ताप होता म्हणे त्यांना. दिवसभर आतच झोपले होते."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं," म्हणाले. "बरं झालं बाबा. मला तेच लागून राहिलं होतं."

मला वाटलं, खोटं बोलले पण म्हाताऱ्याचा जीव तरी हलका केला. मनाची अशी समजूत घालून मी दोन महिने बरी झोपले.

मग बकरी ईद आली. ह्या ईदेला नमाज होईपर्यंत काही खायचं नसतं, त्यामुळे खजूर नव्हता. येताना मी विचारलंही नाही, तळ्याकडे वळवली. तिण्णै पुसून स्वच्छ ठेवलेली, कोणी नाही. चाचा उतरले आणि जिथे दोस्त बसायचा तिथे जाऊन बसले. सून वाटी घेऊन बाहेर आली. तिने डोळ्यांना पदर लावला आणि त्यांना म्हणाली, मामा, मागच्या ईदला तुम्ही आला नाहीत. इथेच बसून होते ते, दोन वाजेपर्यंत. भिजले. पण आत येईनात.

चाचांचं तमिळ माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाटी हातात घेतली, सगळी खाल्ली, सावकाश, चमचा वाजू न देता. सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. परतीच्या वाटेवर मी दोनदा "चाचा" म्हटलं आणि रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. घरी आल्यावर पायापाशी ठेवलेली खुर्ची नेहमी मी उतरवायची. त्या दिवशी त्यांनी ती स्वतः काढून घेतली आणि भिंतीला धरत आत नेली.

नंतर काही बिघडलं असं कोणी म्हणणार नाही. बोलायचे, हसायचे. चाची वाटी वर पाठवायच्या. मी बाजारातून त्यांची औषधं आणायची. माफी मागायला मी तीन-चारदा खाली गेले आणि मीठ मागून परत आले.

पुढच्या रमझान ईदेला मी आधीच रजा टाकून ठेवली होती. ऑफिसला सुट्टी होतीच, तरीही टाकली, लेखी. पहाटे आंघोळ केली, स्कूटी पुसली, पेट्रोल आदल्या दिवशीच भरलेलं. साडी नेसून खाली उतरले तर दारात ऑटो उभी. ड्रायव्हर चाचांना दोन्ही काखांत धरून आत बसवत होता. गुडघा दुमडताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"चाचा, मी आहे ना," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून खजूर काढून माझ्या हातावर ठेवला, दरवर्षीसारखा. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

"तुला ऑफिस असेल गं," म्हणाले.

"आज सुट्टी आहे, चाचा. रजाही काढलीय."

"असू दे," म्हणाले, आणि ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवला.

ऑटो डावीकडे गेली, बाजारातून. मी वर येऊन गॅलरीत उभी राहिले, एका हातात किल्ली, एका हातात खजूर. चाचींनी खालून विचारलं, खीर पाठवू का, तर मी नंतर म्हटलं. नमाज साडेआठला संपली असणार. नऊ वाजले, साडेनऊ झाले, दहा झाले. मी उजवीकडे, तळ्याच्या रस्त्याकडे बघत होते. सव्वादहाला ऑटो तळ्याकडूनच आली.