दारोदारची बालवाडी

बाई कुठेही गेल्या की आधी खाली बसायच्या. खुर्ची रिकामी असली तरी. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, एकदा तर नगरसेवकाच्या ऑफिसात. पदर खोचायचा, एक हात जमिनीला टेकवायचा, "चला" असं स्वतःलाच म्हणायचं आणि मांडी घालून बसायचं. त्या बसल्या की समोरच्याची पंचाईत व्हायची. सत्तरीची बाई खाली आणि आपण खुर्चीत, हे बरं दिसत नाही. मग तोही उतरायचा. त्या नगरसेवकाला कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटसकट टेबलाच्या अलीकडे येऊन फरशीवर बसताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी एकदा विचारलं, "बाई, ही कसली सवय?"

"सवय नाही भाऊ, नोकरी आहे. उभं राहून मुलांशी बोललं तर त्यांना आपले गुडघे दिसतात. गुडघ्यांशी कोण बोलेल?"

"पण नगरसेवक म्हणजे काय लहान मूल आहे का?"

"ते तुम्ही ठरवा."

तुमच्याही वसाहतीत अशा एखाद्या बालवाडीच्या बाई असतील. त्यांना नाव असतं, पण ते कोणी वापरत नाही. आमच्या घाटकोपरच्या चाळीत 'बाई' म्हटलं की एकच. चाळीच्या शेवटच्या खोलीपुढे एक रुंद ओटा होता, तिथे त्यांची बालवाडी भरायची. भरायची म्हणजे त्या ती भरवायच्या. सकाळी दारोदार फिरायच्या आणि घराघरातून एकेक मूल उचलायच्या. कोणाच्या तोंडाला टूथपेस्ट, कोणाच्या हातात अर्धी चपाती. माझ्या मुलीला त्यांनी एकदा आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून नेलं होतं, कारण त्या दिवशी लेकीला फ्रॉक नको होता. दुपारी ती स्वतः फ्रॉक मागून घालून परत आली. कसं जमलं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

हे सगळं बाईंनी मनाने काढलेलं नव्हतं. तरुणपणी त्या एका थोर समाजसुधारक बाईंच्या हाताखाली तयार झाल्या होत्या, दूर डोंगरातल्या एका पाड्यावर. त्यांना आमच्या बाई 'मोठ्या बाई' म्हणत. मोठ्या बाईंचं म्हणणं अगदी साधं होतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं. पोरं गुरांमागे रानात गेली असतील तर रानात जावं, धाकट्या भावंडाला सांभाळत अंगणात बसली असतील तर अंगणात सतरंजी टाकावी. आणि शिकवायला महागडी खेळणी कशाला? चिंचोके आहेत, पानं आहेत, खडे आहेत. मुलाच्या आजूबाजूला जे आहे तेच त्याचं पुस्तक. त्या पाड्यावरची ही गोष्ट पुढे देशभर पसरली. आज गावोगावी सरकारी अंगणवाड्या भरतात त्यात तिचा वाटा आहे. आता तर खेळातून शिकवा, घरच्या भाषेतून शिकवा असं नव्या सरकारी धोरणातही आलं आहे. ती बातमी मी बाईंना वाचून दाखवली तेव्हा त्या मनापासून हसल्या.

"मोठ्या बाई हेच बोलायच्या तेव्हा लोक त्यांना वेड्यात काढायचे. आता दिल्लीवाले टाय लावून बोलतात. बोलू देत. टाय लावला म्हणून खरी गोष्ट काही खोटी होत नाही."

मग आमची चाळ पुनर्विकासात गेली. काही वर्षं भाड्याच्या घरांत काढून आम्ही परतलो तेव्हा चाळीच्या जागी टॉवर उभा होता. जिम होतं, पोहण्याचा हौद होता, ज्येष्ठ नागरिकांनी सूर्यास्त बघावा म्हणून एक डेक होता. ओटा नव्हता. बालवाडीचा विषय नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यातही आला नसावा. आणि आणखी एक गंमत झाली. चाळीत कोणी दिवसा दार लावलं तर शेजारी विचारायचे, "काय गं, भांडण झालं का?" इथे दार उघडं राहिलं तर वॉचमन इंटरकॉमवरून विचारायचा, "सब ठीक है ना?" ज्यांच्या घरी आम्ही न विचारता चहा प्यायचो ते लोक आता लिफ्टमध्ये भेटले की मजल्याच्या आकड्यांकडे बघत उभे राहायचे. मीही तेच करायचो.

बाईंना सहाव्या मजल्यावर घर मिळालं. आता त्या निवांत टीव्ही बघतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. त्यांनी मात्र पहिला आठवडा नुसते जिने चढण्या-उतरण्यात घालवला. मग एका सकाळी मला म्हणाल्या, "मुलं आहेत, भाऊ. दाराआडून आवाज येतात."

त्या सोमवारी त्यांनी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोरच्या लॉबीत सतरंजी टाकली आणि चारही दारांच्या बेल वाजवल्या. मंगळवारी चौथा मजला. असं करत बालवाडी वर सरकत गेली. चिंचोक्यांचा डबा त्यांनी घरीच ठेवला. "या पोरांच्या आजूबाजूला चिंचेचं झाड कुठाय? उगाच कशाला?" असं म्हणून त्यांनी लॉबीत जे होतं ते वापरायला घेतलं. दाराबाहेरच्या चपलांवरून जोड्या, पार्सलच्या खोक्यांवरून लहान-मोठं, पायपुसण्यांवरून रंग. आणि आकड्यांसाठी लिफ्ट. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबायची, मुलं बटणाकडे बोट करून ओरडायची. महिन्याभरात टॉवरमधली सगळी बारकी पोरं धडाधड आकडे म्हणायला लागली. आम्ही कौतुकाने ऐकायचो.

कौतुकाने ऐकायचो, पण लक्ष देऊन ऐकत नव्हतो, हे नंतर कळलं.

सतराव्या मजल्यावरच्या शौर्यला त्याचे आई-बाबा एका नामांकित नर्सरीत मुलाखतीला घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी त्याला गोड आवाजात आकडे म्हणायला सांगितले. शौर्यने छाती काढून सुरुवात केली, "जी, पी वन, पी टू, एक, दोन, तीन..." मॅडम जरा चपापल्या. गाडी पुढे सुसाट गेली, "...अकरा, बारा, चौदा, पंधरा!" मॅडमनी विचारलं, "बेटा, बारा के बाद?" शौर्य ठामपणे म्हणाला, "चौदा. बारानंतर चौदाच येतो. तुम्ही बघा लिफ्टमध्ये."

आमच्या बिल्डरने अपशकून नको म्हणून तेरावा मजला गाळला होता. बारा झाला की थेट चौदा. मुंबईत असले टॉवर पैशाला पासरी आहेत, म्हणून आमच्यापैकी कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. प्रवेश काही मिळाला नाही. संध्याकाळी शौर्यचे बाबा माझ्या दारात उभे. मी कमिटीवर होतो, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं.

"काका, वाट लागली ना आमची! फ्री आहे म्हणून काहीपण शिकवायचं का? हे बंद करा. मी सेक्रेटरींना सांगितलंय."

मी बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"चूक माझी आहे. मोठ्या बाई म्हणायच्या, परिसर शिकवतो. परिसर थापा मारेल हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांच्या डोंगरात बिल्डर नव्हता." मग म्हणाल्या, "पण आता मुलांना उत्तर पाठ करून द्यायचं नाही. त्यांनाच शोधू द्या."

दुसऱ्या दिवशी बालवाडी जिन्यावर भरली. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक दोरा, आणि खालचे पार्किंगचे मजले सोडून पुढे एकेक मजला चढला की त्यात बाटलीचं एक झाकण ओवायचं. वरात निघाल्यासारखी ती पोरं दमत, बसत, पाणी पीत वर चढली. बाराव्यावर झाकणं बारा. एक जिना चढले, झाकण ओवलं, मोजलं. तेरा. समोर पाटी: चौदा. शौर्यच किंचाळला, "बाई, बोर्ड चुकलाय!"

पोरांनी समोरचं दार बडवलं. तिथे आमच्या चाळीतल्या जुन्या तावडेकाकू राहतात.

"आजी, तुम्ही तेराव्यावर राहता!"

काकू कमरेवर हात ठेवून पाटीकडे बघत राहिल्या. "मगे इतके दिस त्या बिल्डरान माका खोटा सांगल्यान?" असं म्हणून त्यांनी आतून खडू आणला आणि मुलांना उचलून पाटीवर भला मोठा तेरा काढायला लावला.

झालं. सेक्रेटरींच्या सोशिकपणाचा तो शेवट होता. रविवारी मीटिंग लागली. विषय एकच, लॉबीतली बालवाडी बंद करणे. सेक्रेटरी माणूस वाईट नाही, आणि त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं. आग लागली तर लॉबी मोकळी हवी. त्यांनी वर उदार मनाने तोडगाही आणला होता. जिमशेजारची खोली. काचेचं दार, एसी, भिंतीवर कार्टून. पालकांनी मुलांना दहाला आणून सोडायचं, बाराला न्यायचं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, बाईंचं भलं झालं.

बाई उठल्या. म्हणजे खाली बसल्या होत्या त्या बोलायला उभ्या राहिल्या, आणि हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"खोली छान आहे. पण खोलीत मुलाला आणून सोडावं लागतं. नवव्या मजल्यावरची ती जुळी आहेत, त्यांच्या घरी दिवसा फक्त अंथरुणाला खिळलेले आजोबा असतात. त्यांना कोण आणणार? अकराव्यावरची आई सातला कामावर जाते. तिच्या मुलीला कोण आणणार? ज्यांना आणणारं कोणी नाही, मला तर तीच मुलं हवी आहेत." त्यांचा आवाज फुटला. "मला दुसरं काही येत नाही हो. आयुष्यात एवढं एकच शिकले. दारापर्यंत जायचं. ते बंद केलंत तर मी काय करू?"

इतक्या वर्षांत आम्ही बाईंना रडताना पाहिलं नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं तर बरेच जण मोबाईलमध्ये उगाच काहीतरी शोधत होते.

मग मागून तावडेकाकूंचा आवाज आला. "लॉबी नको ना? बरां. माझ्या घरात भरव गे बाय तुझी शाळा. माझो हॉल, माझी सतरंजी. कोण काय म्हणता ता मी बघतंय."

"घरात भरवली तर आमची काय हरकत असणार?" सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं.

"मंगळवारी आमच्याकडे," दुसऱ्या मजल्यावरची सून म्हणाली. ती स्वतः चाळीतल्या ओट्यावर बाईंकडे शिकलेली. मग नवव्या मजल्यावरच्या जुळ्यांचे आई-बाबा बोलले, की आमच्याकडे भरवा, आजोबांना तेवढीच सोबत. एकेक हात वर होत गेला. शेवटी शौर्यचे बाबा उभे राहिले.

"बुधवार आम्हाला द्या." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते ओशाळून म्हणाले, "काय करू यार? पोरगा आता लिफ्टने यायलाच तयार नाही. जिने मोजत चढतो आणि मलापण चढवतो. आणि बरोबर मोजतो."

त्यानंतरचे दिवस झकास गेले. शाळा एखाद्या जावयासारखी घरोघर जेवायला यायची. आमच्याकडे शुक्रवार असायचा. बायको आदल्या दिवशीच रव्याचे लाडू वळायची आणि मी टीपॉय आत सरकवायचो. पोरांनी माझ्या घरातला डाळींचा प्रत्येक डबा उघडला, मला दाढी करताना बघितलं, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. मी निवृत्त माणूस, दुपारपर्यंत दमून जायचो आणि शनिवारी सकाळी घर खायला उठायचं. मुलांना न्यायला आलेले आई-बाप चहाला थांबायला लागले. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे पुन्हा एकमेकांना कळायला लागलं.

आणि अशी घडी छान बसलेली असताना बाई एक दिवस म्हणाल्या, "मी निघते."

तावडेकाकूंची भाची कांजूरमार्गला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नव्या टॉवरमध्ये राहते. तिथे सगळी हातावर पोट असलेली माणसं, आई-बाप पहाटेच बाहेर, आणि पोरं दिवसभर कुलूप लावून आत. काकूंनी हे सहज बोलता बोलता सांगितलं होतं. बाई त्या भाचीकडेच राहायला निघाल्या होत्या.

मला राग आला. "अहो, कांजूरमार्ग म्हणजे दोन स्टेशनं! रोज जाऊन-येऊन करा की."

"तिथल्या आया उजाडायच्या आत निघतात. मी दहाला पोचून काय करू? कुलपाशी गप्पा मारू?"

"आणि आमचं काय?"

"तुमचं काय? इथली दारं आता उघडतात." दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला त्यांनी सगळं समजावून दिलं होतं. निरोप समारंभ, शाल, श्रीफळ यातलं काही करू दिलं नाही. एक पिशवी घेतली आणि गेल्या. बालवाडी उत्तम चालली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण बाईंची आठवण येते. फार येते. हे मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच सतरंजीवर बसवलं असतं.

आठवडा झाला आणि त्यांचा फोन आला.

"भाऊ, आज एक आलं!"

"एकच?"

"एकच. आणि रडतंय. ऐका." त्यांनी फोन पुढे धरला असावा. टॉवर डोक्यावर घेईल असं भोकाड ऐकू आलं. "झाली शाळा सुरू!"

मी काही बोलणार, तोवर बाईंनी फोन तसाच कुठेतरी खाली ठेवला होता. बंद करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. मला लांबून त्यांचा आवाज येत होता.

"तुझं घर कुठलं रे? हे? आणि शेजारी कोण राहतं? ठाऊक नाही? मलापण नाही. चल, बेल वाजवू. तू वाजव. हं, उंच हो."

रडणं हुंदक्यांवर आलं. बेल वाजली. काही झालं नाही. पुन्हा वाजली. मी हॉलच्या मधोमध फोन कानाला लावून उभा होतो, आणि बायको विचारत होती, कोणाचा फोन आहे, बोलत का नाही. मी तिला हातानेच थांबवलं.

तिसऱ्यांदा बेल वाजली. मग आतून कडी काढल्याचा आवाज आला.