बब्बाचं क्विक क्लेम

अर्धी टोपली शेंगा सोलून झाल्या होत्या, अर्धी अजून पायाशी होती. आयडेलाची बोटं दुखायला लागली म्हणून ती ओसरीवर नुसतीच बसून राहिली. आत माजघरात बादलीत पाणी ठिबकत होतं. सकाळीच सर येऊन गेली होती. छप्पर आपलं दुपारपर्यंत गळत राहायचं.

पण आता थोडेच दिवस. बापानं मृत्युपत्र केलं नव्हतं. आमच्या या जॉर्जियाच्या किनाऱ्यावर जुनी माणसं करतच नसत. मरणाला आवतण कशाला द्यायचं, म्हणत. त्यामुळे घर आणि सात एकर जमीन आयडेला आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांच्या नावची. आणि छपरासाठी सरकारी मदत हवी तर जागा एकाच नावावर लागते. म्हणून तिनं भावाला फोन केला होता, "बब्बा, बँकेतल्या नोटरीसमोर त्या क्विटक्लेमच्या कागदावर सही करून टाक." त्यानं मुकाट्यानं केली. कालच काउंटीच्या कचेरीत कागद नोंदला गेला. तिथल्या बाईनं बजावलंही होतं, "जूनमध्ये छपराची माणसं येतील. तोवर कागदाला हात लावलात, तर परत रांगेच्या शेवटी."

एवढ्यात बब्बाचा जुना ट्रक आवारात शिरला. मागं लाकडी खुंट्यांचा भारा.

"सिस, हातोडा दे गं."

"आधी बस. खुंट्या कशाला?"

"ओढ्याकाठचा कोपरा आखून घेतो. मोठ्या ओकखाली राहायचा ट्रेलर लावणार." तो पासष्टीचा माणूस शाळकरी पोरासारखा हसला. "घरमालकाला सांगून आलो, महिनाअखेरीला तुझी खोली खाली. म्हटलं, माझ्या मालकीची जागा आहे, क्विक क्लेम केलंय!"

आयडेलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय केलंयस?"

"क्विक क्लेम! तूच नाही का सांगितलंस? झटपट हक्क सांगायचा."

"क्विक नव्हे रे, क्विट. क्विट म्हणजे सोडणं."

"कुणी सोडलं?"

"तू."

"आणि कुणाला दिलं?"

"मला."

बब्बानं टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ तिच्या काठावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "तरीच ती नोटरी दोनदा म्हणाली, नक्की ना? मला वाटलं, बाई माझ्या नशिबावर जळतेय."

आयडेलाला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरले. आईचं आजारपण तिनं अकरा वर्षं काढलं, मग नवऱ्याचं. आता एक कोरडी खोली मागितली होती देवाजवळ, त्याहून जास्त नाही. आता गप्प बसली तर काय बिघडणार होतं? बब्बा भांडणारा नव्हे. सही त्याची, साक्षीदार बँकेचे.

"राहू दे," तोच म्हणाला. "तुझं छप्पर होऊ दे. मी बघतो कुठंतरी."

"कुठं बघतोस? खोली सोडून आलास ना, शहाण्या!"

आत बादलीत थेंब पडला. आणखी एक. आयडेलानं मनातल्या मनात देवाला विचारलं, आणि तिला नको होतं तेच उत्तर आलं. कंटाळा आला तिला त्या उत्तराचा. जन्मभर तेच येत होतं.

"हातोडा चुलीमागं आहे," ती म्हणाली. "खुंट्या ठोकून घे. नीट ठोक, कागदात मापं लिहावी लागतील."

"आणि छप्पर?"

"बादली आहे की. मोठी घेऊ." तिनं टोपली पुढं ओढली. "आणि या वेळी सही करायच्या आधी मला मोठ्यानं वाचून दाखवायचं. एकेक अक्षर."

"तू सही करणार, मी का वाचू?"

"कारण भलतंच ऐकण्यात तुझा हात कुणी धरणार नाही!"

बब्बा हातोडा घेऊन ओढ्याकडे गेला. तिनं उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. उद्या नऊ वाजता त्याला गाडीत घालून बँकेत नोटरीकडे जायचं होतं, कोपरा त्याच्या नावावर करून द्यायला.