आतून लागणारी कडी

काकूंच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. हार्डवेअरच्या दुकानावर राहणाऱ्या बाईच्या दाराला कडी नसावी, म्हणजे कमालच झाली की नाही? पण त्या इमारतीत हे असंच चालायचं. काकूंना दागिना नको होता, सहल नको होती. कडी हवी होती, बस.

इमारत बांधली काकूंच्या सासऱ्यांनी. खाली दुकान, वर तीन खोल्या, मागे न्हाणीघर. आणि बांधल्या दिवशीच त्यांनी नियम घालून दिला की गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. नियमाला कोण नावं ठेवणार! पण म्हातारा पडला हट्टी. एखादी वस्तू संपली असेल तर "नाही" म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. "बसा, दोन मिनिटांत आणतो," म्हणायचा, पेचकस उचलायचा आणि वर जाऊन घराचीच वस्तू काढून आणायचा.

जिन्याचा कठडा असा गेला. स्वयंपाकघरातला नळ भर दुपारी गेला, निम्मी भांडी घासायची होती. न्हाणीघराची कडी गेली, तेव्हापासून त्या घरातली माणसं आंघोळ करताना मोठमोठ्याने गातात. गळा एकालाही नाही.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा खोलीच्या दाराला चांगली पितळी कडी होती. तिसऱ्याच दिवशी सासरेबुवा पेचकस घेऊन दारात हजर. "सूनबाई, जरा बाजूला हो." आणि नवरदेव काय करत होते? शेजारी वाटी धरून उभे, स्क्रू पडू नयेत म्हणून! काकूंनी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

तसे काका स्वभावाने गरीब. "उद्या नवी बसवतो गं," म्हणायचे आणि खरंच बसवायचे. मग खाली कड्या संपायच्या, गिऱ्हाईक यायचं आणि काका मान खाली घालून वर यायचे. बेचाळीस वर्षांत त्या दाराला अकरा कड्या लागल्या आणि अकराही विकल्या गेल्या. दाराला भोकं इतकी पडली होती की वाळवीला काही कामच उरलं नव्हतं.

त्यामुळे कोणीही यावं, दार ढकलावं आणि आत शिरावं. सासू किल्ल्या शोधायला, पोरं लपायला. काकूंची आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा त्या पलंगावर येऊन बसल्या. हुंदका फुटणार, इतक्यात धाकटे दीर आत. "वहिनी, दोन इंची खिळ्यांचं खोकं पलंगाखाली आहे ना?" काकूंनी डोळे पुसले, वाकून खोकं काढून दिलं. आईसाठी रडायचं राहिलं ते राहिलंच.

गेल्या वर्षी काका गेले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि जो तो दार ढकलून थेट आत. ही वर्दळ एकदाची ओसरली, तशा काकू खाली दुकानात उतरल्या. खोक्यात एकच कडी उरली होती. ती त्यांनी घेतली, पेचकस घेतला.

गल्ल्यावर बसलेला मुलगा म्हणाला, "आई, शेवटची आहे ती."

"दिसतंय मला."

वर जाऊन त्यांनी कडी स्वतःच्या हाताने बसवली. भोकं चुकवून जागा शोधण्यातच निम्मा वेळ गेला. मग दार लोटलं आणि कडी सरकवली.

अर्ध्या तासात कडी मागायला गिऱ्हाईक आलंच. मुलगा पेचकस घेऊन वर आला आणि त्याने सवयीने दार ढकललं. दार हललं नाही. बिचाऱ्याने असलं दार त्या घरात कधी पाहिलंच नव्हतं.

"आई, दार अडकलंय गं."

"अडकलं नाही, लावलंय."

"अगं, गिऱ्हाईक थांबलंय. कडी हवीय त्याला."

"मग नाही म्हणून सांग."

"नाही? आपल्या दुकानात?"

"तोंड उघड आणि म्हण. जमेल."

मुलाने बाहेरून दार चाचपून पाहिलं. स्क्रू सगळे आतल्या बाजूला. "पण तू आत करतेयस काय?"

"रडतेय. जा तू."

आणि खरंच रडल्या त्या. काकांसाठी रडल्या, मग आईसाठी पोटभर रडल्या, आणि हातासरशी त्या नळासाठीही रडून घेतलं. कोणी आलं नाही. कोणाला येताच येत नव्हतं.

खाली मुलाला काही "नाही" म्हणवलं नाही. शेवटी आजोबांचाच नातू! त्याने दुकानाच्या मागच्या दाराची कडी काढून दिली. संध्याकाळी दुकान बंद करताना डोक्यात प्रकाश पडला, तेव्हा दोन्ही हातांत दोन ड्रिल मशीन घेऊन तो पुन्हा वर आला आणि खांद्याने दार ढकलायला लागला.

"आई, उघड. मागच्या दाराला कडी नाही. महागाचं सामान तुझ्या खोलीत ठेवतो. अख्ख्या इमारतीत तुझंच दार नीट लागतंय."

"आधी दार वाजव."

"अगं, मी बोलतोय ना इथे?"

"वाजव म्हणते ना."

मुलाने मशीन खाली ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा आईच्या खोलीचं दार वाजवलं.

काकूंनी डोळे पुसले, केस सारखे केले. मग करायचं काही उरलं नाही, तरी त्या पलंगावर तशाच बसून राहिल्या.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "मी आत आहे."