मिशरीचं कोणी विचारलंच नाही

मंडळी, आज डोकं फिरलंय.

मी नर्स. सकाळी कडावजवळच्या ठाकूरवाडीत कॅन्सरच्या सर्वेक्षणाला गेले होते. शहरातून आलेले सर बायकांना विचारत होते, “तंबाखू खाता का?”

“नाय.” सगळ्यांचं तेच. सरांनी कागदावर भराभर खुणा केल्या.

सोबत मंदा होती. याच वाडीतली, बारावी झालेली. इंग्रजी येत नाही म्हणून सर्वेक्षणाच्या प्रशिक्षणाला घेतली नाही, वाट दाखवायला मात्र आणली. तिने त्यातल्या एकीला विचारलं, “काकी, मिशरी लावतेस ना गं?”

“लावते की. ती काय खायाची हाय?”

अहो, मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच! पण सर मंदावरच खेकसले, “मध्ये बोलू नकोस.”

नंतर काकीने मंदाला बाजूला नेऊन गाल ओढून दाखवला. मंदाने मला हाक मारली. आत पांढरा चट्टा, कॅन्सरची सुरुवात असू शकते असा. उद्या तिला मी दवाखान्यात नेतेय. सरांच्या कागदावर अजून “नाही”च आहे.

वाट दाखवायला मंदा चालते, मग प्रश्न विचारायला का चालत नाही?