शनिवारची परीक्षा

विष्णुपंत गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही कल्याणच्या बाजारात कोणी सहज बोलून गेलं म्हणून... घरी येऊन सांगावं, तर ऐकायला घरात कोणी नव्हतं.

आमची ओळख कोपरीतली. मिठागरावर राबणाऱ्या आगऱ्यांच्या चार-पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग मी चालवीत असे, आणि पंत शाळाखात्याचे परीक्षक. वर्ग ठेवायचा की मोडायचा, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. भीतीपोटी मी मुलांकडून पहिलं पुस्तक नुसतं घोकून घेतलं होतं. ठकी नावाची पोर घडाघडा वाचत सुटली. पंतांनी हळूच पुस्तक तिच्या हातात उलटं दिलं, तरी ती थांबली नाही. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी मान खाली घातली.

संध्याकाळी त्यांना गाठलं. "पंत, वर्ग मोडला तर ही पोरं पुन्हा उन्हात मिठावर जातील."

"ठाऊक आहे हो," ते म्हणाले. "पण वाचता येतं म्हणून लिहिलं, तर यांना कोणी कधी शिकवणारच नाही."

त्यांनी खरं ते लिहिलं. आणखी एक वर्ष द्यावं, अशी विनंतीही केली. वरच्यांनी शेरा तेवढा उचलला. वर्ग मोडला, मला कल्याणला धाडलं, ठकी आईबरोबर मिठागरावर गेली. मी पंतांशी बोलणं टाकलं.

पुढे पेन्शन झाल्यावर पंत, एकटेच होते बिचारे, कोपरीत भागूबाई आगरिणीच्या पडवीत मुलं जमवून बसू लागले. मला पत्र आलं, "आता परीक्षक तुम्ही. या, माझ्या चुका काढा." मी उत्तर दिलं नाही. राग केव्हाच सरला होता. जायचं कोणत्या तोंडानं, एवढंच...

परवा गेलो. शनिवार होता. पडवीत सात-आठ मुलं न्हाऊन, केसांना तेल लावून ओळीनं बसली होती. काय आहे आज, म्हणून विचारलं.

भागूबाई म्हणाली, "कल्यानचं मास्तर परीक्षा घ्याला येनार, म्हनून पंत दर शनवारी बसवायचं. दोन वर्सं झाली. आता नका बसू, हे पोरांना कोन सांगनार?"

मला माझं नाव सांगवेना. खाली बसलो, एका मुलीपुढे पुस्तक धरलं. एकेक अक्षर लावत ती खरोखर वाचत होती. एका जोडाक्षराशी अडली. माझ्याकडे न बघता तिनं भिंतीजवळच्या, पंतांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि थांबून राहिली...