टेपताईंचा टॅब

गळ्यात माप घ्यायची टेप नाही अशा टेपताई मी अजून पाहिलेल्या नाहीत. त्यांचं शिवणाचं दुकान आणि माझं मोबाइल-टॅब दुरुस्तीचं दुकान, मध्ये एकच भिंत. त्यांच्या मशीनची घरघर थांबली की मी डबा उघडतो.

बावीस वर्षांची गिऱ्हाइकं. सगळ्यांची मापं आधी वह्यांत होती. धाकटी बहीण त्यांच्याच दुकानात काजं-बटणं करायची, तिनं दोन वर्षांपूर्वी ती टॅबमध्ये भरली. खातंही तिनंच उघडलं, स्वतःच्या नावावर. मग टेपताईंनी काय करावं? वह्या फाडल्या आणि पानं चिकटवून त्यावर बाह्यांचे, गळ्यांचे नमुने कापले! कागद दिसला की शिवणाऱ्याची कात्री शिवशिवते. मी कपाळाला हात लावला.

"अरे डॉक्टर, टॅबमध्ये आहे की सगळं," त्या म्हणाल्या. बिघडलेले फोन-टॅब बरे करतो म्हणून मी त्यांचा डॉक्टर. पुढं डोळे दुखतात म्हणून बहिणीनं शिवणकामच सोडलं.

परवा टॅब अडून बसला. मापं उघडायला गेलं की बंद. मी बटण दाबून धरलं, तो नव्यानं सुरू केला. त्यात काही पुसलं जात नाही. नको ती ॲप काढली, जागा रिकामी केली. टॅब ढिम्म.

"आता पूर्ण रिसेट," मी म्हणालो. "आधी सगळं खात्यात चढवतो, मग टॅब पुसतो, मग खात्यातून परत उतरवतो."

"वह्या नाहीत रे माझ्याकडे आता. हे गेलं तर मी संपले."

"काही जाणार नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

चढवलं. पूर्ण झाल्याची खात्री केली, मगच पुसलं. कोऱ्या टॅबनं जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला. तो बहिणीकडे. टेपताईंनी तिला स्पीकरवर फोन लावला.

"अगं ताई, जुनं कशाला आणतेस? नवं खातं उघड ना," बहीण म्हणाली.

"आणि मापं?"

"घे परत. माणसं येतातच की."

कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला तिथंच कळलं. टेपताई मात्र हसल्या. "बावीस वर्षांच्या माणसांना परत रांगेत उभं करू? सांग मुकाट्यानं."

"नवंच बरं पडेल गं," बहिणीनं आणखी एकदा म्हणून पाहिलं. मग तिनं पासवर्ड सांगितला.

अर्ध्या तासात ॲप, फोटो, मापं सगळं परत आलं. मी स्वतःवरच खूश. टेपताई एकेक पान तपासत होत्या. ग्रंथपालबाईंच्या पानावर थांबल्या.

"हिची कंबर चौतीस. छत्तीस कुणी केली?"

बदलाची तारीख गेल्या शुक्रवारची होती. मग मला सांगावंच लागलं. खातं एकच, त्यामुळे बहीण तिच्या फोनवर जे भरते ते इथं येतं. टॅब भरलेला होता म्हणून इतके महिने येत नव्हतं, आज आलं. शोधल्यावर अशी बदललेली अठरा पानं निघाली. ग्रंथपालबाई तर वर्षभर दुकानाकडे फिरकल्या नव्हत्या. आता तयार कपडेच घेते, असं त्यांनी टेपताईंना सांगितलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला सुईत दोरा ओवण्यापासून शिकवलं, तिनं केसानं गळा कापला! "लावा फोन आणि चांगली झाडा तिला," मी म्हणालो.

टेपताईंनी फोन लावला. गळ्यातली टेप त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मला वाटलं, आता तोफ सुटणार.

"ग्रंथपालबाईंचे कपडे तू शिवतेस, कळलं मला," त्या म्हणाल्या. "एक ऐक. ऑपरेशनपासून तिच्या कपड्यांना डाव्या बाजूला आतून एक काम करावं लागतं. ते मी वहीत लिहिलं नाही, टॅबमध्ये लिहिलं नाही. तिनं फक्त मला सांगितलंय, रडत रडत. ते मी तुला समजावते. तू तिला विचारून लाजवू नकोस."

"ठाऊक आहे गं मला," बहीण म्हणाली.

"कसं?"

"त्यांनीच सांगितलं, ताई. पहिल्याच दिवशी."