अण्णांची उजवीकडची सीट

टेंभी नाक्याच्या गुरुदत्त प्रधानाने जन्मात एकच वेडेपणा केला, आणि तोही धड पुरा केला नाही. एरवी माणूस म्हणजे घडी घालून ठेवलेला सदरा. कलेक्टर कचेरीत कारकून, भर उन्हाळ्यात काखेत छत्री, रस्ता ओलांडताना बैलगाडीला आधी वाट देणार. असला हा गुरू एकोणपन्नास सालच्या दिवाळीनंतर कल्याणला जातो काय, लढाई संपल्यावर छावणीत पडून राहिलेल्या लष्करी मालाच्या लिलावात उभा राहतो काय आणि जुनी जीप घेऊन येतो काय!

घेऊन येतो म्हणजे ट्रकला दोर बांधून ओढत आणली हो. टप नाही, दिवा एकच, आणि रंग असा की शेवाळ बरं. बायको मंदाकिनी दारात आली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अहो, हिला ओवाळू की हिच्यावरून भाकरतुकडा टाकू?"

"हस तू. माळशेज, तानसा, नाणेघाट, सगळीकडे नेईन तुम्हाला. रस्ता नसला तरी जाते ही."

"रस्ता असताना जाते का, ते आधी बघा."

पण खरं सांगायचं तर जीप आणली होती अण्णांसाठी. अण्णा म्हणजे गुरूचे वडील. मोजणी खात्यात उभी हयात गेली, सगळा मुरबाड तालुका पायी तुडवलेला. आता संधिवाताने गुडघे असे धरले की ओसरीच्या दोन पायऱ्या उतरायलाही माणूस लागे. त्यांना एकदाच नाणेघाटाच्या पायथ्याशी जायचं होतं, वैशाखऱ्याजवळ. लग्न झाल्यावर पहिल्या मोजणीचा तंबू तिथे पडला होता. चौदा वर्षांची बायको बरोबर. तिने तीन दगडांवर भात केला आणि तो इतका करपला की दोघं रात्रभर हसत बसली. ती बायको, म्हणजे गुरूची आई, जाऊन आठ वर्षं झाली होती. अण्णांना तो आंबा बघायचा होता, ज्याच्याखाली भात करपला. बाकी काही मागणं नव्हतं म्हाताऱ्याचं.

"एसटीनं मुरबाडपर्यंत जाऊ, पुढे बैलगाडी," मंदाकिनीने पुष्कळदा सुचवलं. "हळूहळू नेऊ त्यांना."

"घरात जीप असताना?" गुरू म्हणे.

जीप परसात उभी राहिली आणि दर रविवारी बाळकुमहून काळुराम यायला लागला. लढाईत लष्कराची लॉरी चालवलेला आगरी गडी. हात चांगला, पण तोंड त्याहून चालू. इंजिन उघडायचं, चहा प्यायचा, बर्मा फ्रंटची गोष्ट सांगायची, इंजिन मिटायचं.

"सायेब, दोन बोल्ट उरलं."

"उरले? कुठले?"

"जास्तीचं असतील. अमेरिकेची गारी हाय, त्यांच्याकडं सगलं जास्तीच असतं."

गुरू ते दोन बोल्ट रुमालात बांधून आठवडाभर उशाशी घेऊन झोपला. पुढच्या रविवारी त्यांच्या जागा सापडल्या. एक ब्रेकचा होता.

या जीपचं चाक डावीकडे. म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो, ती उजवीकडची सीट मोकळी. अण्णा रोज सकाळी तिच्यावर जाऊन बसायला लागले. गुरू आणि मंदाकिनी दोन्ही काखांत हात घालून चढवत. डोक्याला रुमाल, हातात काठी, समोर परसाची भिंत. जाणारे-येणारे हाक मारत, "काय अण्णा, आज कुठवर?"

"आज शहाडचा पूल ओलांडला," अण्णा सांगत. दुसऱ्या दिवशी मुरबाड येई, तिसऱ्या दिवशी टोकावडे. मोजणीदारच तो. कुठे ओढा, कुठे चढ, कुठे वडाचा पार, काही चुकायचं नाही. वैशाखरं जवळ आलं की मात्र म्हणायचे, "पुढचं प्रत्यक्ष जाऊ तेव्हा." मंदाकिनी चहा तिथेच आणून द्यायची, वर विचारायची, "मामंजी, परतताना कल्याणहून ताजं पापलेट आणाल का?"

जीप तयार झाली ती पुढच्या भाद्रपदात. काळुरामने हँडल मारलं, इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. शेजारची गंगुबाई वाळत घातलेले पापड टाकून पळाली. मैदानावर गुरूने दोन रविवार शिकून घेतलं. काळुराम म्हणाला, "आता जा कुठं बी."

अण्णांनी त्याच संध्याकाळी स्वच्छ धोतर काढून ठेवलं. "उद्या पहाटे?"

गुरूने काखेतली छत्री खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "अण्णा, पितृपक्ष लागला ना. पहिलाच प्रवास. नको."

अण्णा बघतच राहिले. "अरे, तू पंचांगाची पानं फाडून स्टोव्ह पेटवणारा. तुला कधीपासून पितृपक्ष लागायला लागला?"

"नवमीला आईचं श्राद्ध आहे. ते होऊन जाऊ दे."

"तुझ्या आईचं मी बघतो. तिचंच तर आमंत्रण आहे."

गुरू हलला नाही. आता खरं काय ते सांगते. पितृपक्षाशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. गुरू घाबरला होता. मैदानावर गोल गोल फिरवणं वेगळं आणि शेजारी म्हातारा बाप, मागे बायको घेऊन ओढे-नाले उतरणं वेगळं. जीप मोडकी होती तोवर तो शूर होता. ती चालू झाली आणि हा बंद पडला. डोळे मिटले की तो ब्रेकचा बोल्ट दिसायचा. 'मला भीती वाटते' हे चार पाहुण्यांत वर्षभर बढाया मारून झाल्यावर सांगायचं कुठल्या तोंडाने? काळुरामला 'तू चालव' म्हणायचं तर त्याहून लाज. मग आयतं पंचांग सापडलं.

नवमी झाली. खीर-वडे झाले. अण्णांनी पुन्हा धोतर काढलं.

"इतके थांबलो, तर आता दसऱ्याला पूजा करूनच निघू," गुरू म्हणाला. "हार घालू, नारळ फोडू. नेतो अण्णा, नेतो."

अण्णांनी धोतराची घडी परत पेटीत ठेवली. गुरू वळला तेव्हा मागून म्हणाले, "गुरू, हळू चालवलीस तरी चालेल हं. मला काही घाई नाही."

गुरूच्या कानात ते उकळत्या तेलासारखं शिरलं. म्हाताऱ्याला कळलं होतं. तरी गुरूने मागे वळून पाहिलं नाही.

घट बसले आणि तिसऱ्या माळेला अण्णा झोपेतच गेले. गुडघ्यांनी नाही, छातीने दगा दिला. घट गंगुबाईने आपल्या घरी नेला. सुतकातच दसरा आला. आळीतल्या सायकलींना, टांग्याच्या घोड्याला झेंडूच्या माळा. परसातली जीप तशीच, सीटवर पिंपळाची पानं पडलेली.

दहाव्याला सगळे खाडीकाठी जमले. भाताचे पिंड ठेवले. कावळे होते, रग्गड होते, पण पिंडाकडे एक येईना. ऊन चढलं. मंडळी कुजबुजायला लागली. कुणी म्हणालं, सूनबाई, घर नीट सांभाळीन म्हणा. मंदाकिनीने हात जोडून सांगितलं. कावळा ढिम्म.

काळुराम मागे उभा होता. त्याला राहवलं नाही. "सायेब, घाटाचं बोला की. नेतो म्हना. त्याच्यासाठीच कावला आरलाय."

सगळ्यांचे डोळे गुरूकडे. भटजी म्हणाले, "म्हणा, इच्छा पुरी करतो म्हणून. उशीर होतोय."

गुरूने हात जोडले. ओठ हलले. 'नेतो अण्णा, नेतो' हे त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते म्हणवेना. जिवंतपणी खोटं बोललो ते बोललो, आता मेल्यावरही त्याच शब्दांत बोलायचं? त्याने जोडलेले हात सोडले. 

"अहो, म्हणा ना," मंदाकिनी हळूच म्हणाली.

त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

भटजींनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग पिशवीतून दर्भ काढला, त्याचा कावळा वळला आणि पिंडाला लावला. झालं. गवताच्या कावळ्याने अण्णांना निरोप दिला. मंडळी आंघोळीला गेली.

घरी आल्यावर गुरू ओल्या धोतराने परसात गेला आणि पहिल्यांदाच उजवीकडच्या सीटवर बसला. समोर भिंत. पोपडे निघालेली, खाली मोरीचं पाणी. इथून दुसरं काही दिसतच नव्हतं. वर्षभर म्हातारा इथे बसून शहाड, मुरबाड, टोकावडे बघत होता.

मंदाकिनी आली, मडगार्डला टेकून उभी राहिली. आज तिला थट्टा सुचली नाही.

"चालू होते अजून?"

"होते."

"मग जाऊन येऊ या आपण. तो आंबा तरी बघू."

गुरू भिंतीकडे बघत बसला. तसाच म्हणाला, "कुठला आंबा, ते कोण दाखवणार?"

 पुढचं अण्णा प्रत्यक्ष जाऊ तेव्हा सांगणार होते.